जुना संगणक आणि घरचें संगीत

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'विंडोज १०' या आपल्या संगणकप्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबविला. तिच्या जागीं आलेली 'विंडोज ११' ही यंत्राविषयीं अधिक चोखंदळ आहे. सुमारें २०१८ पूर्वींचे बहुतेक प्रोसेसर ती आपल्या पंक्तीस बसूं देत नाहीं. त्यामुळें असंख्य घरांत एक चमत्कारिक परिस्थिति उत्पन्न झाली. यंत्र मोडलेलें नाहीं, त्याचा पडदा उजळतो, कळफलकाची कळ न् कळ चालते, आणि तरीहि तें निकालांत निघालें आहे. मध्यमवर्गीय मराठी घरांत वस्तु टाकवत नाहीं हा आपला जुना स्वभाव. पितळेचा बंब माळ्यावर जातो, शिवणयंत्र पलंगाखालीं जातें, आणि आतां त्यांच्या शेजारीं संगणक जाऊन बसतो.

माळ्यावर जाणाऱ्या या यंत्राला घरचें संगीत सांभाळण्याच्या कामीं लावण्याची एक रीत गेल्या पंचवीस वर्षांत युरोप-अमेरिकेंतील हौशी लोकांनीं रूढ केली आहे, व आपल्याकडेहि ती कोठें कोठें दिसूं लागली आहे. हें काम हातानें कसें करावें हें सांगणारे पुष्कळ भेटतात. ती रीत उत्पन्न कशी झाली हें मात्र कोणी फारसें सांगत नाहीं. आमच्या मतें तोच भाग अधिक मनोरंजक आहे, कारण त्यांत यंत्रांपेक्षां माणसांच्या वर्तनाचा इतिहास जास्त आहे.

प्रथम एका शब्दाविषयीं. अशा संगणकास इंग्रजींत 'सर्व्हर' म्हणतात, व त्याचें भाषांतर कोणी 'सेवक' असें करितात. आम्हांस तें पटत नाहीं. सेवक सांगकाम्या असतो. कोठींत काय आहे हें त्याला ठाऊक असेलच असें नाहीं. सर्व्हर म्हणजे खरोखर वाढपी. काय शिजलें आहे व कोणत्या पातेल्यांत आहे हें त्याला माहीत असतें, ज्यानें जें मागितलें तें तो त्याच्या पानावर वाढतो, आणि एकाच वेळीं दहा पानांवर त्याचें लक्ष असतें. जुना संगणक असा वाढपी झाला म्हणजे तो एका कोपऱ्यांत, पडद्याशिवाय व कळफलकाशिवाय, रात्रंदिवस चालू राहतो. त्याच्या पोटांतील हार्ड डिस्कवर घरांतील सारें संगीत आंकड्यांच्या रूपानें सांठविलेलें असतें. दिवाणखान्यांतील स्पीकर, मुलीच्या हातांतील मोबाईल, स्वयंपाकघरांतील लहानसें ध्वनियंत्र, यांपैकीं जो मागेल त्याला तो घरच्या वायफायवरून गाणें पाठवितो. चित्रपट व छायाचित्रेंहि तो असाच वाढतो. पण या लेखांत आम्ही मुख्यत्वें संगीताचाच विचार करणार आहों.

हें घडण्यापूर्वीं नादाला आंकड्यांचें रूप यावें लागलें. १९८२ च्या ऑक्टोबरांत जपानमध्यें कॉम्पॅक्ट डिस्क, म्हणजे आपली सीडी, विक्रीस आली. फिलिप्स व सोनी या दोन कंपन्यांनीं मिळून ठरविलेल्या मापाप्रमाणें तिच्यावरील नाद सेकंदास ४४,१०० वेळां मोजून लिहिलेला असतो. ही संख्या अशी अडनिडी कां असावी, असा प्रश्न आमच्या वर्गांतील एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, आणि त्याचें उत्तर मोठें गमतीचें आहे. माणसाचा कान सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा नाद ऐकतो, व तो आंकड्यांत पकडावयाचा तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळां मोजावा लागतो. म्हणजे ४०,००० च्या वर कांहीं तरी हवें. परंतु त्या काळीं इतके आंकडे सांठविण्यास सोयीचें साधन म्हणजे दूरचित्रवाणीची व्हिडिओ-फीत. अमेरिका व जपान येथील पद्धतींत सेकंदास ६० अर्धचित्रें, प्रत्येकांत उपयोगी २४५ रेषा, व प्रत्येक रेषेवर ३ आंकडे, गुणाकार ४४,१००. युरोपच्या पद्धतींत ५० अर्धचित्रें, २९४ रेषा व ३ आंकडे. गुणाकार पुन्हां ४४,१००. दोन्हीकडे जमणारी संख्या म्हणून ती राहिली. व्हिडिओ-फिती गेल्या, सीडीहि आतां मावळतीस लागली, पण भीमपलासी असो वा बीथोव्हेन, सेकंदाचे ४४,१०० तुकडे करण्याचा तो पायंडा अद्याप चालू आहे.

डाव्या व उजव्या कानासाठीं वेगळे, व प्रत्येकीं १६ बिटांचे, आंकडे धरले तर एका सेकंदाचे १४,११,२०० बिट होतात, आणि तासाभराच्या गायनाचे सुमारें ६३५ मेगाबाइट. १९८२ सालच्या घरगुती संगणकाला हा बोजा पेलणारा नव्हता. चकत्यांवर माहिती सांठविणारें पहिलें यंत्र, आयबीएमचें १९५६ सालचें रॅमॅक, २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्यांचें व एका टनाहून जड होतें. त्याची धारणा ५० लक्ष अक्षरांची, प्रत्येक अक्षर सहा बिटांचें. सेकंदास १,२८,००० बिटांचें, चार मिनिटांचें एक साधें एमपी३ गाणें त्यांत भरूं गेलें असतें तर शेवटचे पांच-सहा सेकंद बाहेर राहिले असते!

तेव्हां नादाचा बोजा कमी करणें भाग होतें. जर्मनींत एरलांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेंत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग व त्यांचे सहकारी यांनीं जी युक्ति सिद्ध केली तिचें मूळ कानाच्या एका उणीवेंत आहे. पखवाजाची थाप पडते त्या क्षणीं शेजारचा बारीक स्वर आपणांस ऐकूं येत नाहीं. मग तो लिहून ठेवण्याचा खर्च कशाला? जें ऐकूं येणार नाहीं तें गाळावें, हेंच एमपी३ चें तत्त्व. परीक्षेसाठीं ब्रांडेनबुर्ग यांनीं सुझान वेगा या गायिकेचें 'टॉम्स डायनर' हें वाद्यांच्या साथीवांचून गायिलेलें गाणें घेतलें होतें. वाद्यांचा आडोसा नसलेला एकटा गळा यंत्राची लबाडी सर्वांत लवकर उघडी पाडतो, हें आपल्या गवयांना कोणी सांगावयास नको. १४ जुलै १९९५ रोजीं या फाइलींच्या नांवामागें 'एमपी३' हीं अक्षरें लावण्याचें ठरलें, व पुढील चार वर्षांत तीं जगभर झालीं. जून १९९९ मध्यें निघालेल्या नॅपस्टरचा धुमाकूळ व जुलै २००१ मध्यें झालेला त्याचा शेवट बहुतेकांस ठाऊक आहे. त्यावर येथें शाई खर्च करीत नाहीं.

त्याच २००१ सालीं जॉश कोलसन यानें 'फ्लॅक' ही दुसरी पद्धति प्रसिद्ध केली. तींत कांहींच गाळीत नाहींत. मागील आंकड्यांवरून पुढच्या आंकड्याचा अदमास बांधावा, आणि अदमास व खरा आंकडा यांतील फरक तेवढा लिहावा. फरक लहान असतो म्हणून जागा कमी लागते. सीडीवरील नाद असा निम्म्याच्या आसपास आकारांत बसतो व परत उलगडला असतां बिटागणिक मूळचा निघतो. शिवाय ती सर्वांस मोफत होती. एमपी३ वरील पेटंटांचा अंमल मात्र २०१७ पर्यंत सरला नाहीं. हजार सीडींचा संग्रह फ्लॅकमध्यें सुमारें ३५० गिगाबाइटांचा होतो. पंधरा वर्षांपूर्वींच्या टाकाऊ संगणकांतहि ५०० गिगाबाइटांची हार्ड डिस्क सांपडते, हें लक्षांत घेतलें म्हणजे जुनें यंत्र या कामाला कसें पुरतें तें कळेल. नाद पाठविण्याचें काम तर त्याहूनहि हलकें आहे: सेकंदास १०० दशलक्ष बिट वाहणाऱ्या जुन्या तारेवरून सीडीच्या प्रतीचे साठ-सत्तर प्रवाह कागदोपत्रीं एकदम जाऊं शकतात. एवढे श्रोते कोणत्या घरांत आहेत?

परंतु कोठी भरली म्हणून वाढपी तयार होत नाहीं. कोणत्या पातेल्यांत काय आहे हें त्याला समजलें पाहिजे. आणि या इतिहासांतील खरी झटापट त्या नांवांवरून झालेली आहे.

नांवाचा प्रश्न ध्वनिमुद्रणाइतकाच जुना आहे. १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास फ्रेड गाइसबर्ग यानें ग्रामोफोन कंपनीसाठीं गौहर जान यांचें गायन मुद्रित केलें. गाणें संपतांच त्या इंग्रजींत आपलें नांव सांगत. पुष्कळांस तो नखरा वाटतो. वस्तुतः त्या मेणाच्या तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें जात. तेथील कारागिरांस हिंदुस्थानी गायन तें काय कळणार, म्हणून तबकडीवर कोणाचें नांव छापावयाचें हें त्यांस गायिकेच्याच तोंडून समजावें अशी ती योजना होती. नाद व नांव एकाच खोबणींत!

ऐंशी वर्षांनंतर सीडी करणाऱ्यांनीं हें शहाणपण राखलें नाहीं. सीडीवर नाद आहे, गाण्यांची संख्या आहे, प्रत्येक गाणें कोणत्या क्षणीं सुरू होतें याचें कोष्टक आहे. नांव मात्र कशाचेंच नाहीं. नांवें सारीं वेष्टनावर. (१९९६ मध्यें तीं सीडींतच लिहिण्याची सोय निघाली, पण बहुतेक प्रकाशकांनीं तिचा उपयोग केला नाहीं.) त्यामुळें सीडी संगणकांत उतरविली म्हणजे हातांत येई तें 'गाणें क्रमांक १', 'गाणें क्रमांक २' असें, एखाद्या अनाथाश्रमांतील हजेरीपटासारखें.

१९९३ च्या सुमारास टी कान नांवाच्या अमेरिकेंतील एका संगणकतज्ज्ञानें सीडी वाजविण्याचा एक प्रोग्रॅम लिहिला. मालकानें एकदां नांवें टंकून ठेवावीं, म्हणजे पुढच्या वेळीं तीच सीडी आली कीं यंत्र ती ओळखून नांवें दाखवील, अशी त्यांत सोय होती. ओळखावयाची कशी? तर त्या कोष्टकांतील क्षणांवरून एक संख्या काढून; दुरून येणारा माणूस चेहरा न दिसतां नुसत्या चालीवरून ओळखावा तशी. क्वचित् दोन सीडींची चाल सारखी निघे आणि कीर्तनाच्या जागीं जाझ येई, पण तें अपवादात्मक. लोक आपण टंकलेल्या याद्या टी कान यांस पाठवूं लागले. त्यांनीं त्या एकत्र केल्या, व स्टीव्ह शर्फ प्रभृति सहकाऱ्यांच्या मदतीनें ही सूची इंटरनेटवर 'सीडीडीबी' या नांवानें सर्वांस खुली झाली. आपण दहा सीडींचीं नांवें टंकावीं आणि दहा हजारांचीं आयतीं मिळावीं, असा हा व्यवहार. आमच्या पिढीनें ज्याला सहकार म्हणून पाठ्यपुस्तकांत वाचलें, तो येथें कोणत्याहि भाषणावांचून चालला होता.

पुढें काय झालें तें वाचून मन खिन्न होतें. १९९८ सालीं सूची एका कंपनीस विकली गेली. २००० मध्यें तिचें नांव 'ग्रेसनोट' झालें. २००१ मध्यें परवाना न घेतलेल्या प्रोग्रॅमांस तिचें दार बंद झालें. आणि २००८ मध्यें सोनीनें ती कंपनी सुमारें २६ कोटी डॉलरांस विकत घेतली. इतकी मोठी सूची चालविण्यास यंत्रें लागतात व पगारी माणसें लागतात, हें विक्रेत्यांचें म्हणणें आम्ही खोटें म्हणत नाहीं. पण नांवें टंकणारांस कोणीं विचारलें होतें? वाचनालयास पुस्तकें भेट द्यावीं आणि पुढें तींच वर्गणी भरून वाचावीं, असा हा प्रकार झाला. त्यावर दोन उत्तरें निघालीं. एक 'फ्रीडीबी': जुन्या मुक्त याद्या घेऊन ती निराळी चालली व २०२० सालीं बंद पडली. दुसरें अधिक दूरदृष्टीचें. रॉबर्ट के यांनीं २००० सालीं 'म्यूझिकब्रेंझ' ही सूची काढली, २००४ मध्यें ती नफा न कमावणाऱ्या संस्थेच्या हातीं दिली, व तिचा गाभा सर्व जगाच्या मालकीचा म्हणून मोकळा सोडला. कोणीं उद्यां तिची विक्री केली तरी प्रत कोणासहि घेतां येईल, ही त्यांतील मेख आहे. आज घरोघरचे जुने संगणक नांवें विचारावयास बहुधा तेथेंच जातात.

नांव मिळालें, तें ठेवावयाचें कोठें? १९९६ सालीं एरिक केंप यानें एमपी३ फाइलीच्या शेवटीं १२८ बाइटांची एक चिठ्ठी जोडण्याची तोड काढली. गाण्याचें नांव ३० अक्षरें, कलावंत ३०, संग्रहाचें नांव ३०, साल ४, टीप ३०, आणि प्रकार दाखविण्यास एक अंक. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर हें नांव रोमन लिपींत लिहिलें तर मधल्या मोकळ्या जागांसह बरोबर ३० घरें भरतात. एक घरहि उरत नाहीं. सवाई गंधर्व रामभाऊ कुंदगोळकर मात्र चार अक्षरांनीं बाहेर पडतात. देवनागरीची तर वार्ताच नको. ती १९९८ सालीं निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून शक्य झाली. प्रकारांची मूळ यादी ८० ची. तींत पोल्का आहे, डेथ मेटल आहे, गँगस्टा नांवाचा एक प्रकार आहे. ख्याल नाहीं, ठुमरी नाहीं, भजन नाहीं. आपल्याला त्यांत सांपडणारें जवळचें घर म्हणजे 'एथ्निक', अर्थात् 'इतरेजन'. केंप यांस दोष देण्याचें कारण नाहीं. त्यांनीं आपल्या कपाटांतील संगीत पाहून खण पाडले. पण एकाच्या कपाटाचे खण जगाला पुरावे लागले, हें येथें घडलें खरें.

आवृत्ति सुधारली तरी मूळ सांचा तोच राहिला: कलावंत, संग्रह, गाणें. आतां एखाद्या ख्यालाचें 'गाणें' म्हणून काय लिहावें? बंदिशीचा मुखडा, कीं राग? ताल कोठें? तबल्याची व पेटीची साथ कोणाची? घराणें कोणतें? आणि मैफिलींत उतरविलेल्या मारव्याचा 'संग्रह' कोणता? पुष्कळ भारतीय संग्राहक राग हा 'रचनाकार' या खणांत घालतात. म्हणजे वाढप्याला वाटतें कीं यमन नांवाच्या कोणी गृहस्थानें हजारों चिजा रचल्या. विनोद सोडला तर त्यांत एक अर्थहि आहे. आमच्या परिचयाचे कांहीं जण तर हा सांचाच बाजूस सारून साधीं फोल्डरें करितात: आधीं राग, त्यांत गायक, त्यांत साल. यंत्र रुसत नाहीं.

आतां दिवाणखान्यापर्यंत नाद पोंचविण्याची कथा. २००१ सालीं कॅलिफोर्नियांतील स्लिम डिव्हायसेस या चिमुकल्या कंपनीनें 'स्लिमपी३' नांवाची एक पेटी बाजारांत आणली. शॉन अ‍ॅडम्स हे तिचे संस्थापक. या पेटींत हार्ड डिस्क नव्हती, सीडी घालण्याचें तोंड नव्हतें. एका बाजूस संगणकाची तार, दुसऱ्या बाजूस स्पीकरची, आणि तोंडावर हिरवट उजेडाचीं अक्षरें. सारी अक्कल दुसऱ्या खोलींतील संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रॅमांत, आणि तो प्रोग्रॅम कंपनीनें मुक्त परवान्यानें, मूळ लेखनासह, लोकांच्या हातीं देऊन टाकला. तो इतका हलका होता कीं अडगळींतील यंत्रावर चाले. आणि अडगळींतील यंत्रावर चालण्यास लागणारी लिनक्स प्रणाली, हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आरंभिलेली, तीहि मुक्त व मोफत मिळे. जुना संगणक व नवी पेटी यांचें लग्न तेथें लागलें. २००३ मध्यें तारेवांचून चालणारी पेटी आली. तिचें नांव 'स्क्वीझबॉक्स', म्हणजे अकॉर्डियन. आपण आपल्या भाषेंत तिला 'पेटी' म्हटलें तर भाषांतर चुकणार नाहीं.

२००६ सालीं लॉजिटेकनें ही कंपनी २ कोटी डॉलरांस घेतली, आणि २०१२ मध्यें पेट्यांचें उत्पादन थांबविलें. येथें एरव्हींच्या व्यापारी इतिहासांत पूर्णविराम पडतो. ग्राहक हळहळतो, यंत्र माळ्यावर जातें. येथें तसें झालें नाहीं, कारण प्रोग्रॅम मुक्त होता. ज्यांच्या घरीं पेट्या होत्या त्यांतीलच जाणकारांनीं तो सांभाळला, वाढविला. पेट्या मिळेनाशा झाल्या तेव्हां २०१२ सालींच निघालेल्या, पत्त्याच्या कॅटाएवढ्या, रास्पबेरी पाय या स्वस्त संगणकाला त्यांनीं पेटीचें सोंग घ्यावयास शिकविलें. २०२४ सालीं लॉजिटेकनें आपल्या बाजूची इंटरनेट-सेवाहि बंद केली. प्रोग्रॅमानें 'लिरियन' असें नवें नांव घेतलें, आणि जुन्या पेट्या त्यावर वाजत राहिल्या. मालक गेला, नांव बदललें, पण पंगत उठली नाहीं.

चित्रपटांच्या बाजूचा इतिहास साधारण असाच आहे, म्हणून थोडक्यांत. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळयंत्रावर २००२ मध्यें हौशी लोकांनीं चालविलेला प्रोग्रॅम २०१४ पासून 'कोडी' या नांवानें ओळखला जातो. 'प्लेक्स' ही त्याचीच फांदी. 'एंबी' नामक प्रोग्रॅमानें २०१८ सालीं आपलें मूळ लेखन झांकलें, तेव्हां त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कांहीं जणांनीं शेवटची उघडी प्रत घेऊन 'जेलीफिन' सुरू केला. सीडीडीबीची गोष्टच पुन्हां, पण या वेळीं लोक अधिक सावध होते.

इतका खटाटोप कशाला, महिन्याला थोडे पैसे भरले कीं जगांतील गाणीं मोबाईलवर ऐकूं येतात, असें आमचे तरुण मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे, व नवें गाणें ऐकावयाचें तर आम्हीहि तोच मार्ग धरतों. पण भाड्याच्या घराला भाड्याचें घरच म्हणावें. २००८ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपलें संगीताचें दुकान मोडल्यावर तेथून घेतलेल्या गाण्यांस नव्या संगणकावर वाजण्याची परवानगी देणारीं यंत्रें बंद करण्याचें जाहीर केलें; ओरड झाली म्हणून तीं कांहीं काळ पुढें चालविलीं. पैसे देऊन घेतलेलीं गाणीं तीं! गूगलच्या संगीतसेवेंत माणसास स्वतःचीं ५०,००० गाणीं ठेवतां येत. ती सेवा डिसेंबर २०२० मध्यें बंद झाली. २००३ पासून बारा वर्षें लोकांनीं मायस्पेसवर चढविलेलें संगीत यंत्रें हलवितांना नष्ट झालें, असें त्या कंपनीनें २०१९ मध्यें कबूल केलें. त्यांत कित्येक नवशिक्या गायकांची एकमेव प्रत होती.

कायद्याचें मत देशोदेशीं निराळें पडलें. अमेरिकेंत १९९९ सालीं रिओ या खिशांतल्या यंत्राच्या खटल्यांत वरिष्ठ न्यायालयानें आपल्या संगणकावरील गाणें आपल्याच यंत्रावर नेणें हा बिनव्यापारी वैयक्तिक उपयोग मानला. ब्रिटनमध्यें स्वतःच्या उपयोगासाठीं प्रत करण्याची मुभा ऑक्टोबर २०१४ मध्यें मिळाली आणि जुलै २०१५ मध्यें न्यायालयानें ती काढूनहि घेतली. आपल्या १९५७ च्या कायद्यांत खासगी वा वैयक्तिक उपयोगासाठीं केलेल्या उचित वापरास जागा आहे, आणि ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनीं संपतो. म्हणजे ७८ वेगाच्या तबकड्यांचें बहुतेक सारें भांडार, अब्दुल करीम खाँ व बालगंधर्व यांच्या मुद्रणांसह, आतां कोणाच्या मालकीचें नाहीं. किंवा सर्वांच्या मालकीचें आहे, असें म्हणावें.

पण कोणत्याहि कंपनीच्या भांडारांत कधींच नव्हतें असें एक संगीत आपल्या घरांत असतें, व जुन्या संगणकाचें मोल आम्हांस तेथें वाटतें. १९८० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत घरोघर कॅसेट-यंत्र आलें. लोकांनीं त्यावर आकाशवाणीवरील मैफिली उतरविल्या, गणपतींतील गायन उतरविलें, बारशाचे पाळणे उतरविले. आमच्याकडे एका कॅसेटवर आमच्या आत्याबाईंनीं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. त्या वेळीं जातें घरांतून गेलें होतें. त्या नुसत्या पाटावर बसून, हात फिरवीत म्हणत होत्या, आणि मध्येंच कोणीतरी दूध उतूं गेल्याचें ओरडतें तेंहि त्यांत आहे. आत्याबाईंस जाऊन आज वीस वर्षें झालीं. कॅसेट उतरविण्यास लागवड कमी पण वेळ पुरेपूर लागतो: साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटेंच घेते, तिला घाई ठाऊक नाहीं. फीत चिकटत चालली असेल तर आज उद्यांवर ढकलण्यांत अर्थ नाहीं.

ती उतरल्यावर संगणकानें नेहमींप्रमाणें नांव विचारलें, म्यूझिकब्रेंझपाशीं चवकशी केली, व अर्थातच त्याला कांहीं मिळालें नाहीं. कलावंताच्या खणांत आत्याबाईंचें सासर-माहेर दोन्हीं नांवांसह पूर्ण नांव आमच्या पत्नीनें घातलें. आमच्या मुलीनें टिपेंत गांव व साल घातलें. गी पॉइत्वाँ व हेमा राईरकर यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हां ओवीबरोबर गाणारीचें नांव व गांव यांची नोंद ठेविली होती. ज्या परंपरेंत गाणारीचें नांव कोणीं विचारलेंच नव्हतें, तींत ही नोंद ओवीइतकीच मोलाची आहे.

खर्चाचा व जोखमीचा हिशेब सांगितला कीं झालें. टेबलावरचा जुना संगणक रिकामा बसूनहि ६० वॉट सहज खातो. दिवसाचे जवळजवळ दीड युनिट, महिन्याचे ४३. जुना लॅपटॉप १५ वॉटांत भागवितो, म्हणजे महिन्यास ११ युनिट. रास्पबेरी पाय तर ३ युनिटांत. म्हणून टाकाऊ यंत्रांत निवड असेल तर लॅपटॉप घ्यावा. त्याला अंगचीच बॅटरी असते, आणि २००५ नंतरच्या वर्षांतील भारनियमन ज्यांनीं महाराष्ट्रांत सोसलें त्यांना या गुणाचें महत्त्व पटवावें लागणार नाहीं. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र ती काढून टाकावी. जुनी हार्ड डिस्क केव्हां दगा देईल हें ब्रह्मदेवासहि ठाऊक नसतें, म्हणून दुसरी प्रत हवीच, व ती दुसऱ्या घरांत हवी. आमची प्रत नाशिकास धाकट्या बहिणीच्या कपाटांत असते. भाऊबिजेस आम्ही तिकडे जातों तेव्हां वर्षभरांत उतरविलेल्या कॅसेटी एका डिस्कवर घेऊन जातों, आणि ओवाळून झालें कीं तिचा मुलगा त्या आपल्याकडील यंत्रावर चढवितो. यंदां त्यानें आपल्या आजोळच्या दोन कॅसेटी आमच्यासाठीं काढून ठेविल्या होत्या.